निसान ३७०झेड: बाहेरचा एक्झॉस्ट बसवल्यापासून हायवेवर केबिन घुमते, उपाय सुचवावा

फ्रीमाँटकर

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१२ सालची निसान ३७०झेड आहे. इंजिन ३.७ लिटरचे व्ही-६ आणि गिअरबॉक्स सहा गिअरचा मॅन्युअल. मूळ सायलेन्सर फारच सोवळा होता, म्हणून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या डब्याच्या) मागचा सगळा संच काढून त्या जागी अडीच इंची स्टेनलेस स्टीलचा पूर्ण दुहेरी संच बसवून घेतला. दोन बँकांचे (सिलिंडरांच्या दोन रांगांचे) दोन पाईप पुढून मागपर्यंत वेगळेच राहतात, मध्ये कुठेही एकमेकांना मिळत नाहीत. प्रत्येकावर एक लहान रेझोनेटर (काही स्वर शोषणारा डबा) आणि शेवटी एक मफलर आहे. इंजिनाच्या मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर आवाज अगदी मनाजोगता झाला असून त्याला मला धक्का लावायचा नाही.

तक्रार आहे ती खालच्या टप्प्याबद्दल. सहाव्या गिअरमध्ये ताशी ६५ मैलांना इंजिन साधारण २४०० फेऱ्यांवर असते आणि नेमके २३०० ते २६०० या पट्ट्यात केबिनमध्ये असा घुमणारा आवाज भरतो, की कानांना दडे बसल्यासारखे होते. सपाट रस्त्यावर तो एक वेळ चालवून घेता येईल, पण आय-२८० च्या चढावर पाय थोडा दाबला की शेजारच्याशी बोलणे नको वाटते. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये हा पट्टा चटकन ओलांडला जातो, त्यामुळे शहरात काही जाणवत नाही. याखेरीज गाडी नीट गरम झाल्यावर आसनाखाली एक थरथर सुरू होते, जी सकाळी निघताना अजिबात नसते. ज्यांनी संच बसवला त्यांचे मत असे पडले की एवढे तर असणारच.

माझ्यासमोर सध्या चार वाटा आहेत: मागच्या डिकीत ब्यूटिलचे आवाजरोधक मॅट आणि फोम लावणे, आणखी मोठे रेझोनेटर घालणे, दोन्ही पाईपांना जे-पाईप (एक टोक बंद असलेली बाजूची नळी) वेल्ड करून घेणे, किंवा गॅरेजमध्ये पडून असलेला मूळ संच निमूटपणे परत चढवणे. यांपैकी पैसे आधी कशावर घालावेत? ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

---

मंद्रसप्तक

वाहनांमधील आवाज आणि कंपने हेच माझे रोजचे काम असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. आवाज किती हर्ट्झचा आहे आणि तो कोणत्या वाटेने आत येतो हे कळल्याशिवाय एकही डॉलर खर्च करू नये, कारण तुम्ही लिहिलेले चारही उपाय चार वेगळ्या दुखण्यांवरचे आहेत.

हिशेब सोपा आहे. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे सहा सिलिंडरांचे मिळून एका फेरीत तीन स्फोट होतात. २४०० फेऱ्या प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला ४० फेऱ्या, म्हणून संपूर्ण इंजिनाचा मुख्य स्वर १२० हर्ट्झ. मात्र तुमचे पाईप वेगळे असल्यामुळे प्रत्येक पाईपला तीनच सिलिंडर दिसतात आणि त्याचा स्वतःचा मुख्य स्वर ६० हर्ट्झ येतो. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर १-२-३-४-५-६ असा असून विषम क्रमांक एका बँकेत आणि सम क्रमांक दुसऱ्या बँकेत आहेत. त्यामुळे प्रत्येक बँकेचे स्पंद क्रँकच्या २४० अंशांच्या समान अंतराने येतात आणि दुसऱ्या बँकेचे बरोबर त्यांच्या मधोमध पडतात. दोन्ही पाईप एक्स किंवा एच आकाराच्या जोडाने वाटेत मिळवले, की ६० चा स्वर परस्परांना मारतो आणि १२० चा तेवढा उरतो. तुमच्या संचात ही भेट थेट बाहेरच्या हवेत होते. दोन्ही बाजूंची लांबी सारखी असेल तर तिथेही बरीच वजाबाकी होते, परंतु प्रत्येक पाईप स्वतः जो हलतो आणि हँगरमधून (पाईप टांगणाऱ्या आधारांमधून) बॉडीला हलवतो, त्याची वजाबाकी कोणी करत नाही.

आता गाडीकडे पाहू. ३७०झेडला मागचे आसन नाही, डिकी आणि केबिन यांच्यामध्ये पार्टिशन नाही, वर मोठी काच आहे आणि मफलर डिकीच्या थेट खाली टांगलेले आहेत. डॅशबोर्डपासून मागच्या काचेपर्यंतची पोकळी दोन मीटर धरली तर तिचा पहिला अनुनाद ८५ हर्ट्झच्या आसपास येतो. थोडक्यात, ६० ते १२० हा सगळाच पट्टा या गाडीत नाजूक आहे.

तेव्हा आधी मोजणी. फोनवर वर्णपट (कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे) दाखवणारे एखादे ॲप घ्या, अँड्रॉइडवर स्पेक्ट्रॉइड चांगले चालते. फोन शेजारच्या माणसाच्या हातात, कानाच्या उंचीवर असावा, काचा बंद, पंखा बंद, आणि प्रत्येक वेळी तोच फोन. डेसिबल मोजताना ए पट्टी वापरू नका, खालचे स्वर फारसे न घटवणारी सी वापरा. ए पट्टी १२५ हर्ट्झला सुमारे १६ आणि ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल कमी दाखवते, त्यामुळे हा विशिष्ट त्रास तिच्यात जवळजवळ दिसतच नाही. “माझ्या गाडीत अमुक डेसिबल” असे आकडे लोक आंतरजालावर टाकतात ते बहुतेक ए पट्टीवरचे असतात आणि म्हणून त्यांवरून घुमण्याबद्दल काहीच कळत नाही.

सहाव्या गिअरमध्ये सपाट रस्त्यावर स्थिर ६५, मग त्याच वेगाला चढावर, मग पाचव्या गिअरमध्ये ५१-५२ मैलांना, म्हणजे पुन्हा त्याच २४०० फेऱ्यांवर, आणि शेवटी गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये २४०० वर, असे वाचन घ्या. पाचव्या गिअरमध्येही स्वर तिथेच राहिला तर टायर आणि प्रोपेलर शाफ्ट संशयातून सुटतात. न्यूट्रलमध्ये तो जवळपास नाहीसा झाला आणि चढावर वाढला, तर तो पाईपातील वायूच्या दाबाचा आहे. न्यूट्रलमध्येही तसाच राहिला तर धातू कुठेतरी धातूला टेकतो आहे असे धरून चालावे. हे सर्व एकदा गाडी थंड असताना आणि एकदा पूर्ण तापल्यावर करा, कारण तुमच्या पत्रातील थरथरीचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

---

कोथरूड_ते_ह्यूस्टन

मॅटबद्दल तेवढे सांगतो, कारण तो प्रयोग मी माझ्या मस्टँगमध्ये मनापासून केला आहे. डिकीचा तळ, स्पेअर चाकाची खोलगट जागा आणि चाकांवरच्या कमानी अशा सगळ्या ठिकाणी ब्यूटिलचे थर चिकटवले, वरून फोम टाकला. टायरचा खरखराट खूप कमी झाला, दार लावल्यावर येणारा आवाज जर्मन गाडीसारखा झाला, प्लॅस्टिकच्या पॅनेलांची कुरकुर थांबली, पण १८०० फेऱ्यांना जे घुमायचे ते आजही तसेच घुमते.

कारण उघड आहे. १२० हर्ट्झच्या आवाजाची हवेतील तरंगलांबी पावणेतीन मीटरहून जास्त असते आणि दहा मिलिमीटरचा फोम तिच्यापुढे नसल्यासारखाच. ब्यूटिलचे काम पत्र्याचे स्वतःचे झणझणणे थांबवण्याचे आहे आणि त्यासाठी पत्र्याच्या मधला पाव भाग झाकला तरी पुरते, सगळे मढवण्याची गरज नसते. नुसत्या वजनाने आवाज अडवायचा म्हटले तर वजन दुप्पट केल्यावर जेमतेम सहा डेसिबल मिळतात, आणि स्पोर्ट्स कारच्या मागच्या टोकाला तीस-चाळीस किलो घालण्यात काय हशील? मॅट जरूर लावावेत, पण टायरच्या आवाजासाठी.

---

फ्रीमाँटकर

मंद्रसप्तक ताई, मनःपूर्वक आभार. शनिवारी मित्राला शेजारी बसवून सगळी वाचने घेतली.

वर्णपटात दोन शेंडे स्पष्ट दिसतात. मोठा शेंडा १२० हर्ट्झला आहे. तो चढावर ठळक वाढतो, पाचव्या गिअरमध्ये त्याच फेऱ्यांवर तिथेच राहतो आणि न्यूट्रलमध्ये जवळजवळ दिसत नाही. दुसरा शेंडा ६० हर्ट्झला असून त्याची गोष्ट निराळी आहे. गाडी थंड असताना तो किरकोळ असतो, गरम झाल्यावर वर येतो आणि मग न्यूट्रलमध्येही टिकून राहतो. गरम गाडीत चढावर सी पट्टीवर ९६ आणि ए पट्टीवर ८१ डेसिबल आले, म्हणजे तुम्ही सांगितलेली तफावत तंतोतंत दिसली. खिडकी दोन बोटे उघडल्यावर कानांवरचा दाब हलका झाल्यासारखा वाटतो, पण शेंडा फारसा खाली येत नाही.

---

चिंचवडचा_वेल्डर

आमचे काम सायलेन्सर आणि पाईप तयार करण्याचे आहे. ३७०झेड माझ्या हाताखालून गेलेली नाही, तरी स्टेनलेस स्टील सगळीकडे सारखेच वागते.

तुमचे ६० चे दुखणे माझ्या मते पाईप तापल्यावर लांब होऊन कशाला तरी टेकण्याचे आहे. ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्टील दर मीटरला, दर अंशाला सुमारे १७ मायक्रोमीटर वाढते. दोन मीटर लांबीचा पाईप सरासरी ३०० अंशांनी तापला तर त्याची लांबी एक सेंटीमीटरने वाढणार, हे ठरलेले. पुढचे टोक कन्व्हर्टरला बोल्टने घट्ट बसलेले असते, त्यामुळे सगळी वाढ मागे सरकते आणि जिथे पाईपला बाक आहे तिथे ती आडवीही जाते. थंड गाडीखाली पाहणाऱ्याला पाईप आणि सबफ्रेम (गाडीखालची आधाराची चौकट) यांच्यात बोट जाईल एवढी जागा दिसते, तो समाधानाने रॅम्प खाली घेतो आणि गिऱ्हाईक अर्ध्या तासाने थरथर घेऊन परत येते.

गाडी तापवून रॅम्पवर घ्यायला सांगा. पाईपाला हात न लावता टॉर्चने सबफ्रेमचा आडवा भाग, अँटी-रोल बार, हीट शील्डच्या (उष्णता अडवणाऱ्या पत्र्याच्या) कडा आणि मफलरच्या वरचा डिकीचा तळ एवढ्या जागा पाहा. जिथे टेकते तिथे घासून चकाकलेला ठिपका दिसतो, आणि गंमत म्हणजे तो ठिपका पाईपापेक्षा हीट शील्डच्या पातळ पत्र्यावर आधी सापडतो. दोन ठिकाणी खडूने खूण करून एक फेरी मारून आणल्यास शंका उरत नाही. त्यानंतर सगळे क्लॅम्प ढिले करून पाईप पुढून मागे क्रमाने बसवत आणावा लागतो आणि मफलर थंडपणी मुद्दाम थोडा पुढे ओढून ठेवावा लागतो, म्हणजे तापल्यावर तो आपल्या जागी येतो. मागून पुढे घट्ट करत गेल्यास पाईप ताणात राहतो आणि हँगरचे रबर एका बाजूला पिळलेले दिसते.

रबरांबद्दलही एक प्रश्न विचारतो. संच बसवताना मूळ रबरांच्या जागी पॉलियुरेथेनचे लाल किंवा काळे बुश घातले आहेत का? शर्यतीच्या गाडीत ते ठीक आहेत, रोजच्या गाडीत ते मफलरची प्रत्येक हालचाल बॉडीला कळवतात. मूळ मऊ रबर परत घाला. खर्च किरकोळ आणि फरक हमखास.

हे झाल्याशिवाय जे-पाईप वेल्ड करू नका, कारण पाईपची बसण्याची जागा हलली की वेल्ड केलेला जे-पाईप भलत्याच ठिकाणी येतो.

---

मंद्रसप्तक

चिंचवडच्या दादांशी पूर्ण सहमत आहे. ६० चा शेंडा न्यूट्रलमध्ये टिकतो आणि उष्णतेसोबत येतो, म्हणजे तो धातूच्या वाटेने येणारा आहे. त्यासाठी एक्स-पाईप घालण्याची आत्ता घाई नको. तो घातल्यास ६० नक्की घटेल, पण वरच्या फेऱ्यांचा आवाजही गुळगुळीत होऊन बदलेल, आणि तो तुम्हाला जसाच्या तसा हवा आहे. टेकणारी जागा मोकळी करूनही ६० उरला, तरच तिकडे वळावे.

१२० साठी मात्र जे-पाईप हाच योग्य उपाय आहे. मुख्य पाईपला फुटलेली, दुसरे टोक बंद असलेली ही एक आंधळी नळी. तिच्यात शिरलेली लाट बंद टोकावर आपटून परतते आणि नळीची लांबी तरंगलांबीच्या पाव असली, तर परत येईपर्यंत ती मुख्य पाईपातील लाटेच्या बरोबर उलट्या पावलावर असते. वायूचा प्रवाह मुख्य पाईपातून पूर्वीसारखाच सरळ जातो, म्हणून शक्ती कमी होत नाही, आणि ही नळी एका अरुंद पट्ट्यावरच काम करते, म्हणून तुमचा वरचा आवाज शाबूत राहतो. मोठ्या रेझोनेटरला मी नको म्हणते ते याच कारणाने. छिद्रांची नळी आणि भोवती काचतंतू असलेला रेझोनेटर वरच्या स्वरांची कड काढतो, १२० ला त्याचा उपयोग बेताचाच.

लांबी काढताना बहुतेक लोक थंड हवेतला ध्वनीचा वेग, सेकंदाला ३४३ मीटर, घेतात आणि साडेएकाहत्तर सेंटीमीटर हे उत्तर काढून नळी कापतात. आत गरम वायू असतो. ध्वनीचा वेग केल्विनमधील तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १५० अंश सेल्सियसला तो ४१२ मीटर होतो आणि लांबी जवळपास ८६ सेंटीमीटर निघते. उघड्या तोंडाची दुरुस्ती म्हणून त्यातून दोनेक सेंटीमीटर वजा करावे. साडेएकाहत्तरची नळी त्याच तापमानाला १४४ हर्ट्झवर जाऊन बसते, म्हणजे २८८० फेऱ्या, म्हणजे सहाव्या गिअरमध्ये ताशी ७८ मैल. जे-पाईप लावूनही फरक पडला नाही असे म्हणणाऱ्या कित्येकांची नळी उत्तम काम करत असते, फक्त ते ज्या वेगाने जातात त्या वेगाला नव्हे.

१५० हा आकडा मी का घेतला, हा प्रश्न येईलच. आंधळ्या नळीतून प्रवाह जात नाही, त्यामुळे तिच्यातला वायू मुख्य पाईपापेक्षा बराच थंड राहतो आणि बंद टोकाकडे आणखी निवतो. नेमके तापमान गाडीगणिक वेगळे असते. म्हणून कागदावरच्या आकड्यावर थेट वेल्डिंग करण्याऐवजी नळीचा शेवटचा भाग सरकता ठेवून, क्लॅम्पने आवळून, रस्त्यावर वर्णपट पाहत लांबी पक्की करावी.

जागेबद्दलही दक्षता हवी. शाखा जिथे फुटते तिथे त्या स्वराचा दाब भरपूर असला पाहिजे. पाईपाच्या उघड्या टोकाशी दाब जवळजवळ शून्य असतो आणि मफलरच्या मोठ्या डब्याला लागून असलेल्या जागीही तो कमीच असतो, म्हणून तिथे बसवलेला जे-पाईप शोभेचा ठरतो. मफलरच्या शक्य तितके पुढे जा. नळीचा व्यास मुख्य पाईपएवढाच ठेवला तर पट्टा थोडा रुंद मिळतो, आणि तुम्हाला २३०० ते २६०० झाकायचे असल्यामुळे व्यासात काटकसर करू नये. तुमचे पाईप वेगळे आहेत, तेव्हा दोन्ही बाजूंना एकेक लागेल.

ज्यांच्या गाडीखाली ८४ सेंटीमीटरची नळी मावत नाही त्यांना हेल्महोल्ट्झ पद्धतीचा डबा करता येतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यावर जो एकच स्वर येतो, तेच तत्त्व. १२० हर्ट्झसाठी ५० मिलिमीटर व्यासाची, आठेक सेंटीमीटर प्रभावी लांबीची मान घेतली तर सात-साडेसात लिटरचा डबा लागतो. दोन पाईपांना असे दोन डबे ३७०झेडखाली कुठे टांगणार, हा प्रश्न आहेच.

---

चिंचवडचा_वेल्डर

ताईंच्या हिशेबात कारागिराची भर घालतो. बंद टोक नेहमी वर आणि तोंडाकडचा भाग खाली असा हलका उतार द्या. एक्झॉस्टमध्ये थंड सकाळी पाणी साचते. नळीचे टोक खाली गेले की ते पाणी तिथेच राहते, लांबी नकळत घटते आणि काही वर्षांत आतून गंज खातो. ४०९ दर्जाच्या स्टीलमध्ये तो लवकर दिसतो, ३०४ मध्ये वेल्डच्या कडेने सुरू होतो. टिग वेल्डिंग करताना पाईपाच्या आतूनही आर्गन सोडायला सांगा, नाहीतर आतल्या बाजूला साखरेसारखा खरखरीत काळा थर धरतो आणि तिथेच पुढे चीर जाते.

शाखेचे तोंड पाडताना मुख्य पाईपात कड आत आलेली राहू नये, ती फाइलने साफ करून घ्यावी. राहिलेली कड प्रवाहात शिट्टी वाजवते आणि घुमणे गेले तरी ती शिट्टी सोबतीला राहते. नळी इंधनाच्या टाकीपासून, ब्रेकच्या होजपासून आणि बंपरच्या प्लॅस्टिकपासून लांब हवी, आणि तिला शेवटी स्वतःचा एक हँगर हवा, कारण ८४ सेंटीमीटरची नळी एकाच वेल्डवर लोंबकळत ठेवली तर वेल्ड टिकत नाही.

---

सॅक्रामेंटो_कट्टा

तांत्रिक बाजू वर उत्तम आलीच आहे. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी कायद्याचे दोन मुद्दे तेवढे लिहितो. राज्याच्या वाहन संहितेनुसार अशा गाडीच्या एक्झॉस्टची मर्यादा ठरावीक चाचणीत ९५ डेसिबल, ए पट्टीवर, इतकी आहे आणि ती बाहेर मोजतात. केबिनमधल्या आकड्याचा तिच्याशी संबंध नाही. २०१९ पासून आवाजाच्या तिकिटाला “दुरुस्त करून दाखवतो” ही सवलत राहिलेली नाही, सरळ दंड होतो. कन्व्हर्टरच्या मागचा संच बदलणे चालते, पण घुमणे कमी होईल या आशेने कोणी कन्व्हर्टर काढून नुसते पाईप किंवा रेझोनेटर घालायला सुचवले, तर ऐकू नका. तसे केल्यास गाडी स्मॉग तपासणीत नापास होते, ते संघराज्याच्या कायद्यानेही बेकायदा आहे, आणि आवाज वाढतो तो वेगळाच.

दुसरे असे की, नंतरच्या काही वर्षांच्या ३७०झेडमध्ये बोसच्या संगीतसंचासोबत सक्रिय ध्वनिनिवारण (स्पीकरमधून उलटी लाट सोडून आवाज मारणे) येते. ते मूळ सायलेन्सरच्या स्वरावर जुळवलेले असते आणि नवा एक्झॉस्ट लागला की कधीकधी तेच घुमण्यात भर घालते. ज्यांच्या गाडीत ते आहे त्यांनी आधी ते बंद करून ऐकावे. फ्रीमाँटकरांच्या २०१२ च्या गाडीत तो प्रश्न उद्भवत नाही.

---

फ्रीमाँटकर

काम पूर्ण झाले म्हणून सविस्तर कळवतो.

गाडी तापवून रॅम्पवर घेतली तेव्हा डाव्या बाजूचा पाईप मागच्या सबफ्रेमवरील हीट शील्डच्या दुमडलेल्या कडेला टेकत होता आणि तिथे नखाएवढा चकाकणारा ठिपका होता. बुशही पॉलियुरेथेनचेच निघाले. दुसऱ्या कारागिराकडून क्लॅम्प ढिले करून पाईप पुढून मागे नव्याने बसवून घेतले, मूळ रबरे परत घातली आणि शील्डची कड थोडी वाकवून घेतली. आसनाखालची थरथर पूर्ण गेली. वर्णपटात ६० चा शेंडा आता गरम गाडीतही थंड गाडीइतकाच किरकोळ आहे, त्यामुळे एक्स-पाईपचा विचार सोडून दिला.

१२० चा शेंडा या सगळ्याने तसूभरही हलला नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

त्यानंतर दोन्ही बाजूंना अडीच इंची जे-पाईप, रेझोनेटर आणि मफलर यांच्या मधल्या सरळ भागावर. सुरुवातीला टोक सरकते ठेवले होते. ८४ सेंटीमीटरला सर्वांत शांत टप्पा २४०० च्या किंचित खाली येत होता, म्हणजे नळीतला वायू गृहीत धरल्यापेक्षा थंड असावा. ८१ ला तो २४५० च्या आसपास आला आणि माझ्या नेहमीच्या वेगाला तेच सोयीचे असल्यामुळे तिथे वेल्ड केले. त्याच चढावर, त्याच फोनवर, सी पट्टीवर ९६ चे ८७ झाले. चार हजारांच्या वरचा आवाज मला तरी पूर्वीसारखाच वाटतो आणि मित्रालाही फरक ओळखता आला नाही.

उरलेली गोष्ट एवढीच की २८०० च्या पुढे, म्हणजे पंच्याहत्तरच्या वर, पूर्वी लक्षात न आलेले थोडे घुमणे आता जाणवते. तिथे काही करता येईल का, की हे नवीन काही निर्माण झाले आहे?

---

मंद्रसप्तक

नऊ डेसिबल हा फार चांगला निकाल आहे, कानाला तो आवाज निम्म्यावर आल्यासारखा भासतो. २८०० चे घुमणे बहुधा आधीपासूनच असावे, २४०० च्या मोठ्या शेंड्यामुळे त्याकडे लक्ष गेले नसेल. तरी पहिल्या शनिवारच्या वाचनात १४० हर्ट्झच्या आसपास काय दिसत होते ते जुन्या चित्रात तपासा, म्हणजे खात्री होईल. तिथे पूर्वीही तेवढाच शेंडा असेल तर दोनपैकी एका बाजूची नळी ८१ वर ठेवून दुसरी सत्तरीच्या आसपास आणता येते. त्यात दोन्ही टप्प्यांवर अर्धा-अर्धा फायदा मिळतो आणि २४०० ला मिळालेला तुमचा नऊ डेसिबलचा फायदा घटतो. पाईप वेगळे असताना मी तसे करणार नाही. रोज ६५ ने जात असाल तर आहे ते तसेच ठेवा.

---

चिंचवडचा_वेल्डर

पाच-सहाशे मैल झाले की एकदा गाडी रॅम्पवर घेऊन दोन्ही शाखांच्या मुळाशी, वेल्डच्या कडेने काजळीची रेघ उमटली आहे का ते पाहून घ्या आणि तेव्हाच क्लॅम्प पुन्हा एकदा आवळा. काजळी म्हणजे गळती, आणि गळतीचा आवाज खालच्या फेऱ्यांनाच येतो, त्यामुळे घुमणे परत आले असे वाटून माणूस उगाच नळीची लांबी बदलत बसतो.